तिने काय खाल्लं होतं

एस्किल, थांब. पायाचे ठसे नंतर.
आधी छातीच्या उंचीवर बघ,
मग माझ्या टोपीच्याही वर.
हा वाळुंज कुठे तुटलाय?

ससा कुरतडतो तेव्हा तिरका काप पडतो,
सुरीने दिल्यासारखा नेटका.
मूसला वरच्या जबड्यात पुढचे दातच नाहीत.
ती ओठाने फांदी ओढते,
खालच्या दातांवर दाबते आणि मान झटकते.
म्हणून टोकाला चिंध्या राहतात,
दोर तुटल्यावर राहतात तशा.
चिंध्या पांढऱ्या, ओल्या: आज पहाटे.
तपकिरी: गेला आठवडा.
काळ्या, वर शेवाळ धरलेलं:
तुझ्या पणजोबांच्या वेळची मूस.
तिच्यावर गोळी वाया घालवू नकोस.

जुलैभर ती तळ्यात उभी होती.
डोकं बुडवून कमळाच्या मुळ्या उपसायची,
कानही पाण्याखाली,
म्हणून मी होडी वल्हवत बारा हातांवर गेले तरी
तिला पत्ता नाही.
मग डोकं वर आलं. तोंडातून वेल लोंबतेय,
नाकपुड्यांतून पाणी गळतंय,
आणि नजर अशी,
जेवताना कुणी दार वाजवलं की आपली होते तशी.
मीठ, एस्किल.
एवढ्या मोठ्या जंगलात मीठ नाही,
जे थोडं आहे ते तळ्यातल्या पाल्यात.

आता तळं सोडलं तिने. आता रोवन, अ‍ॅस्पेन, भूर्जाची कोवळी टोकं,
निळ्या बोरांची खुरटी झुडपं.
बर्फ पडला की पाइन,
तेव्हा वनखात्याची माणसं रडत येतात आपल्याकडे.

नराचं वेगळं.
सप्टेंबर सरता सरता तो खाणंच सोडतो.
माती उकरतो, स्वतःच्या मुतात लोळतो,
रात्रभर हुंकारत हिंडतो, बरगड्या दिसू लागतात.
तोर्ग्नी एका वर्षी चार दिवस बसला होता
नराने ओरबाडलेल्या एका अ‍ॅस्पेनखाली, थर्मास घेऊन,
पुन्हा जेवायला येईल म्हणून.
प्रेमात पडलेला कुणी पुन्हा जेवायला येतो का?
तोर्ग्नी अविवाहित आहे, त्याला कोण सांगणार.

तुला एक सांगते. हिल्डिंगला सांगू नकोस,
तो रेडिओवरून साऱ्या टोळीला ऐकवेल.

इतक्या उत्तरेला सफरचंद धरत नाही म्हणतात.
आन्सगरने तरीही लावलं होतं,
त्याच्या मागे दोन वर्षांनी ते फळलं.
एकवीस फळं. मी मोजली होती.
मग वीस. मग चौदा. मग एकही नाही.
मी लुंडमार्कच्या पोरांना काय काय बोलले,
देवळातही त्यांच्या आईशी बोलले नाही.

ऑक्टोबरात मी एक मादी पाडली,
घरापासून नऊ किलोमीटरवर, दलदलीच्या पलीकडे,
तीन दिवस माग काढून.
पोट मी स्वतःच उघडते नेहमी.
त्यात सगळं लिहिलेलं असतं, कुठे गेली, काय मिळालं.
वाफ निघाली. वाळुंज, भूर्ज, कुणाच्या तरी शेतातले ओट,
आणि लाल सालीचे तुकडे.
हिरव्या लगद्यात तेवढंच लाल.

म्हणजे आदल्या रात्रीपर्यंत
ती माझ्या खिडकीपासून आठ पावलांवर जेवत होती,
आणि मी पहाटे उठून, बूट चढवून,
तिला शोधायला लांब निघत होते.

हिल्डिंग असता तर म्हणाला असता,
यंदा खिडकीतच बस, बंदूक घेऊन, मोजे घालून.
मी नाही बसत.
भरल्या ताटावरून उठवून कुणाला मारायचं नाही,
एवढं तरी.
लुंडमार्कच्या पोरांना मात्र मी अजून काही सांगितलेलं नाही.

वारा फिरला बघ.
आता ती कुठेतरी वाऱ्याकडे पाठ करून
रवंथ करत बसली असेल, दुपारभर उठणार नाही.
आपणही बसू. डबा काढ.
पाव, लोणी, आणि ते धुरावलेलं मांस
तिचंच, गेल्या वर्षीचं.
मला तरी सफरचंदाची चव लागत नाही.
तू खाऊन बघ.